बेळगावच्या शहापुरातलं एक जुनं मेडिकल, जिथं गोळीचं खरं नाव सांगतात

आधीच सांगतो, दुकानाचं नाव यात लिहिणार नाही. काकांना विचारलं होतं, तुमच्या मेडिकलबद्दल ऑनलाइन लिहू काय ओ म्हणून, तर म्हणाले लिही की, पण नाव नको घालूस, आधीच संध्याकाळी लोकांना उभं राहायला जागा नसते. शहापुरात आहे, गल्लीच्या तोंडाला, काचेच्या दारांची जुनी लाकडी कपाटं, आणि काउंटरच्या कोपऱ्यात पितळी वजनकाटा, आता वापरात नाही पण रोज पुसलेला असतो. वडगाव-अनगोळच्या लोकांना एवढ्यावर कळेल कुठलं ते.

मी उद्यमबागेत टूलरूममध्ये कामाला आहे, डाय-पंच बनवतो, म्हणजे माल दाबून आकार द्यायचे साचे. औषधांशी माझा संबंध आईमुळे. आईला बीपी आणि शुगर दोन्ही, दहाबारा वर्षं झाली. तिच्या गोळ्या मी आजपर्यंत चार-पाच मेडिकलमधून घेतल्या असतील, डिस्काउंट बघून ॲपवरून पण मागवल्यात, आणि मला कधीच वाटलं नव्हतं की मेडिकल-मेडिकलमध्ये काही फरक असतो, चिठ्ठी दाखवायची, पिशवी घ्यायची, पैसे द्यायचे, झालं.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आईला तापासाठी चार दिवस ॲडमिट केलं होतं. घरी सोडताना चिठ्ठीवर बीपीची गोळी लिहून दिली, ती तिथल्याच खालच्या मेडिकलमधून घेतली. घरी तिची आधीची बीपीची गोळी चालूच होती. नवीनचं नाव वेगळं, पाकिटाचा रंग वेगळा, गोळीचा आकार पण वेगळा, आईला वाटलं ही तापानंतर अंगात ताकद यायला दिलेली असेल. ना तिथं कोणी सांगितलं ना मी विचारलं. दोन्ही चालू ठेवल्या तिनं. आठव्या दिवशी सकाळी देवघरातून उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि पडली. नशीब म्हणून नुसत्या मनगटाला मुका मार लागला, हाड मोडलं नाही.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या सगळ्या गोळ्या घेऊन त्या काकांकडे जाऊन ये. मी पिशवी काउंटरवर उलटी केली. काकांनी चष्मा वर सारला, एकेक स्ट्रिप उलटी करून वाचली आणि दोन बाजूला काढून माझ्यापुढं ठेवल्या. "हे बघ, हे पण टेल्मिसार्टन चाळीस, आणि हे पण टेल्मिसार्टन चाळीस. एकच की रे दोन्ही. कंपनी वेगळी म्हणून नाव वेगळं. अक्कानं आठ दिवस डबल डोस खाऊन सोडलंय नव्हे." तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला मला. डॉक्टरांनी एक बंद केली आणि तीन दिवसांनी बीपी बघायला बोलावलं. काकांनी त्या दिवशी मला काही विकलं नाही, एक रुपया घेतला नाही.

म्हणून हा रिव्ह्यू. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की आपल्या घरात जी गोळी रोज पोटात जाते तिचं खरं नाव घरातल्या एकाला तरी पाठ पाहिजे, आणि ते नाव सांगणारं मेडिकल गावात असलं तर दोन किलोमीटर जास्त पडले तरी तिथंच जावं. आपलं लक्ष कंपनीनं ठेवलेल्या नावाकडे जातं, औषधाचं नाव आपण वाचतच नाही.

मी विचारलं, एकाच औषधाला एवढी नावं कशाला. काकांची हीच गोष्ट मला आवडते, गिऱ्हाईक नसलं तर ते खरंच सांगायला बसतात, स्टूल पुढं सरकवतात. आपल्याकडे १९७० साली पेटंटचा नवा कायदा झाला, १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर, म्हणजे मूळ रसायनावर, पेटंट मिळणं बंद झालं, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर मिळायचं. म्हणजे बाहेरच्या कंपनीनं शोधलेलं औषध आपल्या केमिस्ट लोकांनी दुसऱ्या रस्त्यानं बनवून दाखवलं तर ते विकायला मोकळे. त्यातून शेकडो कंपन्या उभ्या राहिल्या, एकेका औषधाची पन्नास-पन्नास नावं झाली, पण किमती खाली आल्या. २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, मात्र जुनी औषधं मोकळीच राहिली. २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देतो म्हणून जाहीर केलं, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. हे सांगताना काकांचा आवाज जरा बदलला. त्या काळात काउंटरवर येऊन मान खाली घालून किंमत विचारून रिकाम्या हातानं परत जाणारी माणसं त्यांनी बघितलीत.

आता तुमच्या रोजच्या उपयोगाचं सांगतो. काका आधी विचारतात, "तीच कंपनी पाहिजे की तेच औषध पाहिजे?" तेच औषध म्हटलं की चिठ्ठीवरचं औषध, तेवढेच मिलिग्रॅम, आणि साधी गोळी आहे की एसआर (औषध हळूहळू सोडणारी) आहे ते बघून दोन-तीन कंपन्यांचे भाव सांगतात, आणि डॉक्टरांना विचारून घे म्हणतात. आईचं महिन्याचं बिल १४००च्या आसपास यायचं, आता ६००च्या आत येतं. जन औषधी केंद्रात याच्यापेक्षाही स्वस्त मिळतं हे ते स्वतःच सांगतात, त्यांच्याकडे नसलं की तिकडे पाठवतात. असा दुकानदार मी तरी बघितला नाही.

एसआरवरून आठवलं. हिवाळ्यात आईनं शुगरची गोळी आपणहून बंद केली. आम्हाला सांगितलंच नाही, लाजून. तीन आठवड्यांनी शुगर ३८० आली तेव्हा खोदून विचारलं, तर म्हणाली संडासात गोळी तशीच्या तशी पडते, पोटात विरघळतच नाही, उगीच कशाला पैसे घालवायचे. मी घाबरलो, मला वाटलं डुप्लिकेट माल आहे, आणि जरा तावातावातच काकांकडे गेलो.

काका शांत. म्हणाले तू डाय-पंचवाला ना, मग तुला लवकर कळेल. गोळी कशी बनते बघ, डायमध्ये पावडर पडते, खालचा पंच किती खाली बसलाय त्यावर किती माल बसणार ते ठरतं, वरचा पंच येऊन दाबतो, मग खालचा पंच वर येऊन गोळी बाहेर ढकलतो. नुसती पावडर नीट वाहत नाही म्हणून आधी तिचे दाणे करून घेतात, आणि पंचला चिकटू नये म्हणून वंगण घालतात, मॅग्नेशियम स्टिअरेट. हे सगळं १८४३ सालापासून, विल्यम ब्रॉकेडन म्हणून इंग्लंडमधल्या माणसानं पेटंट घेतलं. तो मुळात चित्रकार, त्याला पेन्सिलीसाठी ग्रॅफाइटची पूड दाबून घट्ट करायची होती, आणि त्याच पेटंटात त्यानं औषधाच्या गोळ्या पण घातल्या. त्याआधी कंपौंडर पाटीवर लगदा वळून हातानं गोळ्या करायचा, एक लहान एक मोठी. मी हे ऐकून गप्पच झालो ओ. वीस वर्षं मी जे काम करतोय, तेच माझ्या आईच्या पोटात जाणाऱ्या गोळीमागं आहे हे मला त्या दिवशी कळलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी आम्ही टूलरूममध्ये भांडतो, तिथं पंचची लांबी कमीजास्त झाली तर कुणाच्या तरी पोटात कमीजास्त औषध जाणार.

तर एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी. त्यात औषधाबरोबर एक असा पदार्थ दाबलेला असतो जो पोटातल्या पाण्यानं फुगून जेलीसारखा होतो, आणि औषध त्यातून तासन्‌तास झिरपत राहतं. सगळं झिरपून गेलं की राहतो नुसता रिकामा सांगाडा, तो बाहेर पडतो. आईनं बघितला तो हाच. औषध अंगात गेलेलं होतं, पडलं ते चोथा. उसाचा चोथा कसा, रस गेला की उरतो तो, असं काकांनी आईला फोनवर सांगितलं आणि तिला एका वाक्यात पटलं, मी दहा मिनिटं डोकं फोडून पटत नव्हतं. आणि याच कारणासाठी एसआर गोळी मोडायची नाही, चघळायची नाही, कुटायची नाही. मोडली तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. आमच्या गल्लीतले एक आजोबा गोळी मोठी आहे म्हणून रोज दोन तुकडे करून घ्यायचे, त्यांना पण मी जाऊन सांगून आलो, त्यांनी डॉक्टरांकडून बदलून घेतली.

त्या शुगरच्या गोळीचं खरं नाव मेटफॉर्मिन. तिचा इतिहास पण काकांनीच सांगितला, मी नंतर बसून वाचला. युरोपात गलेगा नावाचं एक रानटी झाड आहे, निळसर फुलांचं, जुने लोक ते जास्त लघवी होण्याच्या त्रासावर द्यायचे. त्यातल्या रसायनानं साखर उतरते हे कळलं, पण ते विषारी निघालं. त्याच घराण्यातलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत बनवलं गेलं आणि तसंच पडून राहिलं, कारण त्याच वेळी इन्सुलिन आलं होतं आणि सगळं जग तिकडे बघत होतं. ३५ वर्षांनी, १९५७ मध्ये, फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते पेशंटला देऊन बघितलं. अमेरिकेनं तर १९९४ ला परवानगी दिली, कारण मधे त्याच घराण्यातल्या फेनफॉर्मिननं रक्तात आम्ल वाढून माणसं दगावली होती आणि सगळ्याच घराण्यावर संशय बसला होता. म्हणजे जी गोळी आज खानापूरच्या सरकारी दवाखान्यात पण मिळते ती किती वर्षं कपाटात पडून होती बघा.

बीपीच्या गोळीची गोष्ट आईला जास्त आवडली. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे, तो चावला की माणसाचं बीपी धाडकन खाली येतं. तिथल्या सर्जिओ फरेरा या शास्त्रज्ञानं त्या विषातलं कारण शोधलं, त्यावरून अमेरिकेत १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल बनलं आणि १९८१ ला बाजारात आलं. आईचं टेल्मिसार्टन पुढच्या पिढीतलं, शरीरातला रस्ता तोच, फक्त अडवण्याची जागा वेगळी. आई म्हणाली, म्हणजे नागपंचमीला हात जोडते ते बरोबरच आहे माझं.

आणि बीपीत आपल्या माणसाचं पण नाव आहे, मुंबईचे डॉ. रुस्तम वकील. सर्पगंधा आपल्या जंगलातली, वैद्य लोक डोकं फिरलेल्या माणसाला द्यायचे. वकिलांनी ती बीपीच्या पेशंटवर नीट मोजून-मापून वापरली आणि १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापलं, तेव्हा कुठं बाहेरच्या डॉक्टरांनी ती मनावर घेतली.

हे एवढं लिहायचं कारण, आमच्याकडे "केमिकलची औषधं" आणि "झाडपाल्याची औषधं" असे दोन पक्ष आहेत घराघरात, आणि गोळी बंद करायची वेळ आली की माणूस पहिल्या पक्षातून दुसऱ्यात जातो. काका भांडत नाहीत. खोकल्याचं बाटलीतलं औषध हातात घेऊन विचारतात, अडुळसा माहीत आहे? कुणाला माहीत नाही, परड्यात असतोच. त्या अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन बनलं, आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते अँब्रॉक्सॉल, जे आज खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांत आहे. फरक एवढाच की बाटलीत किती मिलिग्रॅम आहे ते माहीत असतं, काढ्यात माहीत नसतं.

नरक्याचं पण सांगतो, हे आंबोली-चंदगडकडच्या लोकांनी वाचावं. नरक्या म्हणजे तेच झाड ज्याची चोरटी तोड पकडल्याच्या बातम्या येतात. त्यात कॅम्प्टोथेसिन आहे, ज्यावरून कॅन्सरची औषधं बनतात. हे कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा एका चिनी झाडातून १९६६ साली वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. यातले वाणी हे नंदुरबारचे. पुढं १९७१ मध्ये याच दोघांनी टॅक्सॉलची रचना पण शोधली. नंदुरबारच्या माणसानं शोधलेल्या दोन पदार्थांवरची औषधं आज जगभर कॅन्सरवर चालतात आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात माझ्या तरी वाचनात त्यांचं नाव आलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या आजीची धाकटी बहीण कणकुंबी बाजूला दिली होती. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. बाळंतपणात रक्तस्राव थांबला नाही, घोंगडीत घालून डोलीतून निघाले होते, रस्त्यातच गेली. बाळ जगलं. आजी हे सांगताना दर वेळी एकच म्हणायची, "काय करणार, कुठं न्यायचं होतं."

हे मी एकदा बोलता बोलता काकांना सांगितलं. ते मागच्या कपाटात गेले आणि मिसोप्रोस्टॉलची स्ट्रिप आणून दाखवली. म्हणाले ही मुळात पोटातल्या अल्सरची गोळी, अमेरिकेत १९८८ ला त्यासाठीच आली. पण तिच्यानं गर्भाशय आकसतं, आणि बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं की रक्त थांबतं. त्यासाठी नेहमीचं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, त्याला थंडी लागते आणि टोचणारं माणूस लागतं. खेड्यात दोन्ही कुठून आणायचं. ही गोळी साध्या पेटीत राहते. मग हे खेड्यात चालतंय का ते कुठं तपासलं माहीत आहे? इथं. आपल्या बेळगाव जिल्ह्यात.

मला खरं वाटलं नाही, मी घरी येऊन शोधलं. खरं आहे. आपल्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या गावांत हा अभ्यास केला. १६२० बायका. डॉक्टर नाही, गावात बाळंतपण करणाऱ्या एएनएम सिस्टरच गोळ्या द्यायच्या, निम्म्यांना खऱ्या, ६०० मायक्रोग्रॅम, निम्म्यांना बिनऔषधाच्या, आणि कुठली कुणाला ते सिस्टरला पण माहीत नाही. रक्त किती गेलं ते अंदाजानं नाही, बाईच्या खाली मापाची पिशवी लावून मोजलं. बिनऔषधाच्या गोळ्या घेतलेल्यांत १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, खऱ्या गोळ्या घेतलेल्यांत ६.४ टक्के. जवळजवळ निम्मा. २००६ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टर लोकांच्या नियतकालिकात छापून आलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

म्हणजे आफ्रिकेतल्या कुठल्या तरी खेड्यात आज एखादी बाई वाचते त्यात आपल्या जिल्ह्यातल्या १६२० बायकांचा वाटा आहे. त्या बायका कोण, कुठल्या गावच्या, आपल्याला माहीत नाही, कदाचित बाजारात भाजी घेताना शेजारी उभ्या असतील. मी हे आजीला सांगू शकलो नाही, ती त्याआधीच गेली. पण आईला सांगितलं, आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

याच्यानंतर मी काकांना विचारतच सुटलो. ॲस्पिरिनचं ऐका. विलो झाडाच्या सालीवरून सुरू झालेली गोष्ट, १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं शुद्ध करून बनवलं, १८९९ ला बाजारात. ते नक्की काम कसं करतं हे जॉन व्हेनला कळायला १९७१ उजाडलं, म्हणजे सत्तर वर्षं लोक डोकेदुखीला न कळताच खात होते. आणि एवढ्या जुन्या औषधावर नवीन काय निघणार असं वाटतं ना? २०२० ला सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणींचा अभ्यास छापून आला, त्यात पण बेळगाव होतं. गरोदरपणाच्या सुरुवातीपासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर वेळेआधी होणारी बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली. आकडा छोटा वाटतो, पण गोळी किती स्वस्त ते बघा. (हे वाचून कुणी आपल्या मनानं घेऊ नका, डॉक्टरांनी सांगितलं तरच. मिसोप्रोस्टॉल तर काका चिठ्ठीशिवाय हातात पण देत नाहीत.)

चिठ्ठीवरून काही लोक चिडतात, ते पण लिहितो. सर्दी-खोकल्याला तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन द्या म्हणून मी पण एकदा गेलो होतो, दुसरीकडे मागेल तसं मिळायचं. काकांनी दिलं नाही. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ दाखवली आणि म्हणाले हे सर्दीवर चालत नाही, सर्दी व्हायरसची. मला राग आला होता. त्यांनी मग पेनिसिलिनचं सांगितलं, १९२८ मध्ये फ्लेमिंगला बुरशी दिसली ते सगळ्यांना माहीत असतं, पुढचं कुणी सांगत नाही. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्यांदा एका आजारी पोलिसाला दिलं, माणूस सुधारायला लागला, आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून परत काढून परत टोचलं, तरी पुरलं नाही, तो गेला. जगात तेवढंच होतं. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हा कुठं पेनिसिलिन देशात बनायला लागलं. काका म्हणाले, एका थेंबासाठी माणसं मेली, आणि तू नाक वाहतंय म्हणून मागतोस. त्यानंतर मी मागितलं नाही. हेच अझिथ्रोमायसिन कळा देणाऱ्या बाईला एकदाच दिलं तर जंतुसंसर्ग कमी होतो हे २०२३ मध्ये सिद्ध झालं, आणि त्या अभ्यासात पण बेळगाव होतं. ते बाळंतिणींसाठी शिल्लक राहायला पाहिजे, एवढं मला कळलं.

बिल ते प्रत्येकाला देतात, दहा रुपयांचं असलं तरी, बॅच नंबर घालून. घाईत असलं की कंटाळा येतो, पण १९८६ मध्ये मुंबईच्या जेजेमध्ये भेसळीचं ग्लिसरीन देऊन १४ पेशंट गेले, लेंटिन आयोग बसला होता, ते त्यांच्या शिकण्याच्या काळातलं, ते विसरत नाहीत. बॅच नंबर नसला तर खराब माल कुठवर पोचला ते शोधणार कसं, असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या कामात पण हीट नंबरशिवाय, म्हणजे स्टीलच्या बॅच नंबरशिवाय, स्टील घेत नाही आम्ही, त्यामुळं मला पटतं.

इन्सुलिनचा फ्रिज वेगळा, त्यात दुसरं काही नाही, आत थर्मामीटर, लाइट गेली तर इन्व्हर्टर. उन्हाळ्यात घेतलं तर गार पॅक घालून देतात आणि घरी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका म्हणून बजावतात, एकदा गोठलं की ते इन्सुलिन गेलं. खेड्यातून आलेल्यांना पाकिटावर सूर्य-चंद्र काढून देतात, कधी घ्यायची ते कळायला, आणि कन्नड बोलणारं आलं तर "ऊटा आद म्याले" (जेवण झाल्यावर) म्हणून त्यांच्या भाषेत, आमच्याशी मराठीत. कुणाला कमीजास्त नाही.

आता उणं पण लिहायला पाहिजे. वेळ लागतो. संध्याकाळी सात ते साडेआठ जाऊ नका, एकेका माणसाला ते एवढं समजावतात की मागचे ताटकळतात, घरी पेशंट कळवळत असेल तर हे बरोबर नाही, तातडीवाल्यांसाठी एक वेगळी खिडकी ठेवायला पाहिजे असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. घरपोच नाही. ॲपवर २० टक्के सूट मिळते तशी इथं मिळत नाही, कंपनीची गोळी घेतली तर छापील किमतीवर थोडंच कमी करतात. कॅन्सर, किडनीची महागडी औषधं ठेवत नाहीत, दोन दिवस आधी सांगावं लागतं. गाडी लावायला जागा नाही, कपिलेश्वर पुलाकडून येणार असाल तर चालत या. आणि काकांच्या पाठीमागं दुकानात कोण, हे मला तरी दिसत नाही. मुलं बाहेरगावी आहेत. कामाला एक पोरगी आहे, बी फार्म झालेली, खानापूरकडची, हुशार आहे, स्ट्रिप उलटी करून वाचायची सवय तिला लागलीय. तिनंच चालवावं असं मला मनापासून वाटतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या संध्याकाळच्या गर्दीसाठी कमी केला.

जाताना चिठ्ठीबरोबर घरातल्या सगळ्या चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा घेऊन जा, फोटो नको, मागची बाजू पण बघावी लागते. चार-पाच गोळ्याच पाहिजे असल्या तर काका स्ट्रिप कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेली बाजू तुम्हाला देतात, आणि उरलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव, बॅच आणि तारीख पेनानं लिहून ठेवतात. रविवारी दुपारनंतर बंद.